वर्षातली सगळ्यात वाईट ओळ

अनंता गोदामात चेकर आहे. ट्रकमधून खोकी उतरतात, हा हातात मार्कर घेऊन उभा. खोका ओला दिसला, कोपरा दबलेला दिसला की त्यावर 'रिजेक्ट' लिहायचं आणि बाजूला ढकलायचं. बावीस वर्षं माणूस हेच करत राहिला तर त्याची नजर दुसरं काय शिकणार? त्याला गाण्यातसुद्धा आधी दबलेला कोपराच दिसायचा.

आम्ही चौघं. मी जीवन, माझा साऊंडचा धंदा. लग्न, हळद, गणपती, नेत्याचा वाढदिवस, बोलवाल तिथे स्पीकरच्या पेट्या लावतो. मनोजचं अंजूरफाट्याला फ्लेक्स छापायचं दुकान. तिसरे दाजी, पॉवरलूमवर माग दुरुस्त करणारे जॉबर होते, आता घरी बसलेत. त्यांनी आमच्या गावची मुलगी केली, म्हणून सगळ्या गावाचे दाजी. आणि चौथा अनंता. रविवारी दुपारी जेवून माझ्या शेडमध्ये जमायचं, पेट्यांवर बूड टेकायचं आणि गाण्यांचा निकाल लावायचा हा आमचा धंदा. नवं गाणं लावायचो आणि त्यातली भारी ओळ कुठली, भिकार ओळ कुठली यावर तावातावाने भांडायचो. हिंदी चालायचं, मराठी चालायचं, पण खरी मजा आपल्या आगरी हळदीच्या गाण्यांत. एका सीझनला शंभर गाणी येतात आणि त्यातल्या नव्वद गाण्यांत तीच पोर असते, तीच तिची नजर आणि तोच तिच्यासाठी झुरणारा येडा.

अनंताचं म्हणणं एकच. ओळीत वस्तू पाहिजे. हृदय, चांदणं, सागर हा सगळा रिजेक्ट माल. ओळ ऐकल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहिलं तर ती ओळ, नाहीतर नुसती जागा भरलेली. एका गाण्यात हिरो तिच्या डोळ्यांत बुडून मेला असं होतं. अनंताने शांतपणे विचारलं की मेला तर पुढचं कडवं कोण गातोय. दाजींना हसून ठसका लागला. एवढं मान्य करायला हवं, त्याच्याइतकी ओळ कोणाला कळत नव्हती. पण त्याला ती फाडताना जी मजा यायची ना, ती बघून कधीकधी माझ्या डोक्यात जायचं.

श्रद्धांजलीचा फ्लेक्सही त्याच्याच डोक्यातून आला. आपल्याकडे माणूस जन्मला तरी नाक्यावर फ्लेक्स, मेला तरी फ्लेक्स. तेव्हा वर्षातली सगळ्यात वाईट ओळ निवडायची, तिला हार घालायचा, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल' म्हणून आमचे चार फोटो, आणि थेट नाक्यावर टांगायचा. मनोज फुकट छापायचा. लोक थांबून वाचायचे, फोटो काढायचे. आणि आमच्या या रविवारच्या कोर्टाचा एक नियम होता, तोही अनंताचाच. गीतकार समोर बसलेला असला तरी त्याला खुलासा करायची परवानगी नाही. जी ओळ समजावून सांगावी लागते ती मेलेलीच आहे, असं तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्या फ्लेक्सवर माझी ओळ होती.

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून मी वैशालीसाठी गाणं लिहिलं होतं. स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं, गाणारा पोरगा घेतला. त्यात ओळ होती, 'तुझ्या प्रेमाचा लोड माझ्या काळजाच्या ॲम्पला झेपेना'. आता माझा धंदाच तो, पेट्या आणि ॲम्प्लिफायर. मला वाटलं, अनंता म्हणतो तशी वस्तू आहे ओळीत. मी मोठ्या हौशीने रविवारी ते लावलं. अनंताने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, बायको आहे की शॉर्टसर्किट? मी सांगायला लागलो की बाबा, माझं म्हणणं असं होतं की... त्याने हात वर केला. नियम. तीन हात वर झाले आणि चार दिवसांनी नाक्यावर माझ्या ॲम्पला हार. वैशाली आठवडाभर गणेशपुरीला माहेरी जाऊन बसली, तर तिथेही तिच्या भावाच्या मोबाईलवर तो फोटो आलेला. अजून मला गावातली पोरं 'ॲम्प' म्हणतात. मी हसतो. काय करणार?

आता म्हातारीबद्दल सांगतो. अनंताची आई राहीबाई ही धवलारीण. आमच्याकडे लग्नातले विधी धवलारीण गाऊन लावते. हळद कुटण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. राहीबाईने पन्नास वर्षं खाडीकाठच्या गावागावांतली लग्नं गाऊन लावली. मग आम्ही आलो, पेट्यावाले. आता धवलारणीला दहा मिनिटं मिळतात आणि त्यातही मागून कोणीतरी 'आजी आटपा' म्हणतं. राहीबाईला तर चार वर्षांत कोणी बोलावलंच नव्हतं. ऐंशी उलटलेली, कान गेलेले, आणि डॉक्टरने सांगितलेलं की हृदय पाव हिश्श्यावर चाललंय.

मागच्या दिवाळीनंतर वाड्याच्या रस्त्याला माझी ऑर्डर होती, अनंता सुट्टी म्हणून टेम्पोत सोबत आला. अंबाडीला चहाला थांबलो. तिथे एका आत जाणाऱ्या रस्त्याकडे बघून तो म्हणाला, ताईला इकडे दिली होती. मला त्याला बहीण होती हेही धड आठवत नव्हतं. तिचं नाव चंद्रा. गोठ्यात म्हशीची एक पारडी आईवाचून राहिली होती, ती चंद्राने बोटं चोखवून, वाटीने दूध पाजून वाढवली. ती म्हैस हिच्याशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नसे. चंद्राच्या हळदीला बायकांनी तिला हळदीने माखली आणि जरा नजर चुकली तर नवरी गायब. शोधाशोध झाली. ती गोठ्यात म्हशीच्या गळ्यात हात टाकून रडत उभी होती आणि म्हैस खांद्यापर्यंत पिवळी झालेली. राहीबाईच धवला गात होती. धवलारणीने विधीत रडायचं नसतं, गळा थांबला तर अपशकुन. तेव्हा तिने पुढची ठरलेली ओळ सोडली आणि समोर दिसत होतं तेच गायली.

'हलद लागली चंद्रीला, पिवली झायली म्हस.'

बायका आधी हसल्या आणि मग एकेक जण पदर तोंडाला लावायला लागली. दीड वर्षाने चंद्रा पहिल्या बाळंतपणात गेली. त्यानंतर राहीबाईने लावलेल्या प्रत्येक लग्नात ती ओळ त्या-त्या नवरीचं नाव घालून गायली. धवला ऐकायच्या त्या बायकाच, आणि त्यांतल्या कोणी कधी विचारलं नाही की म्हस कुठून आली.

अनंता चहाचा ग्लास धरून हे सांगत होता, चहा तसाच. त्याला एकच पाहिजे होतं. आईला आता माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण माझ्या पेट्यांचा आवाज तिला छातीत कळतो. ती ओळ तिला एकदा त्या मोठ्या पेट्यांतून ऐकवायची, ती आहे तोवर. बाळाराम शेठच्या मुलाची, कुणालची हळद वैशाखात होती. शेठची खाडीलगत पाच गोदामं, त्यातल्याच एकात अनंता कामाला. आजकाल पैसेवाले घरच्यांची नावं घालून हळदीचं गाणं बनवून घेतात, ते लिहायचं काम अनंताने मागून घेतलं होतं. पेट्या माझ्याच लागणार होत्या.

"कुणाला सांगू नको, जीवन," तो म्हणाला. "सांगितलं की लोक कीव करतात. ओळ कोणी ऐकत नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात खोटा नव्हता, एवढं मी कोणत्याही देवळात शपथेवर सांगेन.

चैत्रात गाणं तयार झालं आणि टेस्टिंगसाठी पेनड्राइव्ह माझ्याकडे आला. मी एकट्याने ऐकलं. आधी कुणाल, मग शेठ, मग काका-मामांची नावं, सगळं नेहमीचं, आणि दुसऱ्या कडव्यात 'हलद लागली नवरीला, पिवली झायली म्हस'. खरं सांगू? त्या सीझनची ती सगळ्यात चांगली ओळ होती. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी मला दिसलं की माहीत नसलेल्या माणसाला ती कशी ऐकू येईल. कोणाचं चांगलं दिसलं की पोटात दुखतं तसं ते नव्हतं. दोन वर्षं माझ्या बायकोला दुकानदार 'लोड कसा आहे वहिनी' विचारत होते, ते होतं.

मला कळलं नाही, मी चुकून बोललो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नाहीये. रविवारी मी पेनड्राइव्ह लावला, त्या ओळीवर गाणं थांबवलं, मागे घेऊन पुन्हा वाजवलं आणि म्हणालो, ही माझ्याकडून वर्षातली सगळ्यात वाईट.

मनोज तर पेटीवरून खालीच घसरला. दाजींनी भाबडेपणाने विचारलं की शेठच्या सुनेला हा म्हैस म्हणतोय की काय. मनोज हंबरून दाखवायला लागला. अनंताने माझ्याकडे बघितलं. मग त्याने तोंड उघडलं, आणि मी हात वर केला, त्याने माझ्यासमोर केला होता तस्साच.

"खुलासा नाही चालत," मी म्हणालो. "नियम तुझाच आहे."

तो हो म्हणाला. तीन हात वर झाले. त्याने चप्पल घातली आणि गेला.

मनोजने फ्लेक्सवर जीव ओतला. मधोमध हार घातलेली पिवळीधमक म्हैस, वर श्रद्धांजली, खाली ओळ, आणि कोपऱ्यात गीतकार म्हणून अनंताचा गोदामाच्या ओळखपत्रावरचा फोटो. नाक्यावर टांगला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो पडघ्यापासून काल्हेरपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला. ट्रकवाले भय्ये मराठी येत नसताना 'पिवली म्हस' म्हणून हॉर्न द्यायला लागले. गोदामात तर अनंता गेटमधून आत शिरला की हमाल हंबरायचे. मला वाटलं, शेठ आता गाणं रद्द करणार. झालं उलटं. कुणालला ते भलतंच आवडलं. त्याने अनंताला बोलावून सांगितलं की अंकल, गाणं वाजायच्या आधीच हिट.

बुधवारी अनंता शेडवर आला. फ्लेक्स राहू दे म्हणाला, गोदामातलं मी बघतो. फक्त हळदीच्या दिवशी पोरांना आवर, तुझं ऐकतात ती, आईला घेऊन येतोय. एवढंच बोलला. त्या माणसाने माझ्यासमोर कधी मान खाली घातलेली मी बघितली नव्हती. मी बिनधास्त जा म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी कुणालचा फोन. जीवनभाऊ, हळदीत एन्ट्रीला खरी म्हैस पाहिजे, कुठे मिळेल? मी नाही म्हणू शकत होतो. आपल्याला काय माहीत, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्याला दाजींच्या मेहुण्याच्या तबेल्याचा नंबर दिला, आणि गरीब जनावर दे म्हणावं, असंही सांगितलं.

दहाच्या आत पोलीस पेट्या बंद करतात, म्हणून हळद दुपारी चारलाच सुरू झाली. अनंता आईला रिक्षातून घेऊन आला. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, अंगात काही उरलेलं नाही. तिने खुर्ची बायकांत घेतली नाही, माझ्या पेटीच्या समोर चार हातांवर मांडायला लावली. अनंता मागे उभा राहिला. त्याने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा.

मी गाणं लावलं. शेठचं नाव आलं, शिट्ट्या झाल्या. मामाचं नाव आलं, नोटा उडाल्या. म्हातारी हात मांडीवर ठेवून पेटीकडे बघत बसली होती. मग दुसरं कडवं आलं. त्या ओळीवर तीनशे पोरांनी एका आवाजात 'म्हस' केलं आणि सगळा मांडव हंबरायला लागला. राहीबाईने हात छातीवर ठेवला. तिला पोरं ऐकू येत नव्हती, ओळ येत होती. मागून कुणालच्या दोस्तांनी म्हैस आणली. शिंगापासून शेपटापर्यंत हळद थापलेली, कपाळाला मुंडावळ्या. पोरं नाचायची थांबून मोबाईल वर करायला लागली.

म्हातारी उठली. अनंताने धरायला हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. आवाजाने म्हैस बुजली होती, दोरी ओढत होती, डोळे पांढरे झालेले. राहीबाई तिच्याजवळ गेली, जिभेने काहीतरी चुचकारलं, आणि जनावर जाग्यावर थांबलं. मग तिने दोन्ही हात त्या म्हशीच्या गळ्यात टाकले आणि गाल मानेला लावून उभी राहिली. हिरवं लुगडं पिवळं झालं. पोरांना तर काय, नाचता येईना इतकं हसू. कोणीतरी ओरडलं, नवरी मिळाली रे. मी हात घाईघाईने नॉबवर नेला आणि आवाज कमी केला, मला वाटलं म्हातारी आता पडते.

ती पडली नाही. वळून तिने सगळी तोंडं बघितली, हसणारी, पाणी आलेल्या डोळ्यांची. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने तिने अनंताला विचारलं, "या लोकांना माझे चंद्रीचा कसा कलला रं? तू सांगला?"

अनंताला तिच्या कानात ओरडावं लागलं, म्हणून मलाही ऐकू आलं.

"हां आये. मीच सांगला."

"कवरी मायेची मानसा," राहीबाई म्हणाली. तिने पोरांना हात जोडले. पोरांनीही वाकून हात जोडले, एकमेकांना कोपरं मारत. मग ती हळूहळू माझ्याकडे आली. मिक्सरवर झुकून तिने पिवळा हात माझ्या गालाला लावला, कानशिलावर बोटं मोडली. तुझे पेटीतून माझी चंद्री बोलली, म्हणाली, तुला देव सुखात ठेवो. आणि पुन्हा एकदा लाव.

मी लावलं. पुन्हा हंबरणं, पुन्हा शिट्ट्या. ती म्हशीशेजारी जाऊन उभी राहिली आणि गाणं संपलं तशी तिने माझ्याकडे बघून बोट वर केलं. अजून एकदा. तेव्हा माझ्याच्याने होईना. मी अनंताला हाताने जवळ बोलावलं आणि म्हणालो, तिला सांग, पेनड्राइव्ह बिघडला.

अनंता माझ्याकडे बघत नव्हता. आईकडे बघून हसत होता, तिला दिसावं म्हणून.

"दोन वर्षं धीर धरलास ना, जीवन?" तो म्हणाला. "आता तीन मिनिटं धर. लाव."

मी लावलं. पोरं कंटाळली होती, अर्धी जेवायच्या रांगेकडे सरकली होती. हंबरणारे वीस-पंचवीसच उरले, त्यामुळे एकेकाचा आवाज वेगळा ओळखू येत होता, त्यात मनोजचाही होता. अनंता माझ्या शेजारी पाठीमागे हात बांधून उभा राहून तो ऐकत होता. गाणं संपलं. म्हातारीने म्हशीच्या मानेवरचा हात न काढता पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि बोट वर केलं.